पंचनाम्याचे पैसे मे महिन्यात द्या

बांद्याच्या बाजारात माझं खतं-औषधांचं दुकान आहे. पोफळीवर रोग पडला की माझा गल्ला भरतो, असा लोकांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस उघडायचं नाव घेत नाही, तेव्हा तळकट, कोलझर, झोळंबे, इन्सुली अशा गावांतले बागायतदार ओल्या छत्र्या दारात टेकवून आत येतात. पिशवीतून चार-सहा हिरव्या सुपाऱ्या काढून काउंटरवर ठेवतात. "भाऊ, कायतरी जालीम दी. अर्धी गळान पडली." मी एक सुपारी उचलतो, उलटी करून टोपीखाली बघतो. खरं तर बघायची गरज नसते. पण न बघता औषध दिलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, याने आपलं ऐकलंच नाही.

देठाकडच्या बाजूला पाण्यात भिजल्यासारखा गडद हिरवा डाग, आणि जरा जुनी सुपारी असेल तर तिच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. कोळेरोग. मी त्या माणसाला महागातली बाटली देऊ शकतो आणि पुष्कळदा देतोही, कारण तो रिकाम्या हाताने परत जायला तयार नसतो. पण जुलैत विकलेल्या त्या बाटलीचा उपयोग थोडा. या रोगाशी लढायचा काळ मे महिना असतो आणि मे महिन्यात माझ्या दुकानात लग्नाच्या पत्रिका घेऊन येणाऱ्यांचीच गर्दी जास्त.

मग सप्टेंबर येतो. गळ किती झाली याच्या बातम्या येतात, निवेदनं दिली जातात, पुढारी बागेत उभे राहून फोटो काढून घेतात, आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांची तिकडी पंचनाम्याला निघते. पण पंचनामा करायचा कशाचा? जुलैत गळलेली सुपारी ओहोळाने कधीच खाली नेलेली असते किंवा झाडाखाली कुजून चिखलात गेलेली असते. घडावर शिल्लक राहिलेल्या सुपाऱ्या मोजून गेलेल्या सुपाऱ्यांचा अंदाज बांधायचा, असा हा कार्यक्रम. नुकसान 33 टक्क्यांच्या वर दिसलं तरच माणूस मदतीच्या रांगेत बसतो. मंजुरी आलीच तर केंद्राच्या निकषाप्रमाणे बहुवार्षिक पिकाला हेक्टरी 22 हजार 500 रुपये. राज्य सरकार कधीमधी त्यात भर घालतं, ते सोडा. पोफळीची लागवड 2.7 मीटरवर असते, म्हणजे हेक्टरी सुमारे 1,370 झाडं. भागाकार करून बघा. झाडामागे सोळा रुपये येतात. सोळा रुपयांत गेलेलं पीक भरून येत नाही, पुढच्या वर्षाची गळ थांबत नाही, आणि बँकेच्या हप्त्यालाही ते पुरत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हेच पैसे मे महिन्यात द्या. नुकसानभरपाई म्हणून नको, फवारणीसाठी द्या. आणि एकेकट्या बागायतदाराच्या खात्यात टाकू नका, गावाच्या फवारणीला द्या. का, ते सांगण्यासाठी हा रोग कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल.

आम्ही याला बुरशी म्हणतो, सरकारी पत्रकातही बुरशीच लिहितात. पण फायटोफ्थोरा नावाचा हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. शास्त्रज्ञ त्याचं नातं समुद्रातल्या शेवाळाशी जोडतात. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटा कुजवून लाखो माणसं उपाशी मारली ती याचीच एक जात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना रडवणारा डाऊनी, म्हणजे केवडा, हाही याच्याच भाऊबंदांपैकी. ही माहिती परीक्षेपुरती नाही. दुकानात रोज तिचा उपयोग होतो. कारण "बुरशीनाशक द्या" म्हणून येणारा माणूस पुष्कळदा कार्बेन्डाझिमचं पाकीट बोटाने दाखवतो. भाताला चाललं, भाजीला चाललं, मग सुपारीला का नाही चालणार? नाही चालत. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीवर काम करतं, या जिवावर त्याचा परिणाम होत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत बुरशीनाशक लिहिलेलं असल्यामुळे दर पावसाळ्यात किती पैसा असा पाण्यात जातो, हे आम्हा दुकानदारांइतकं कोणालाच ठाऊक नाही. आमच्यातले सगळेच ते गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, हेही इथं लिहून टाकतो.

याचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना शेपटी असते. सुपारीवर पाण्याचा पातळ थर जरी टिकला तरी त्यांना पोहायला तेवढा पुरतो. म्हणून ऊन-पाऊस आलटून पालटून चालला की रोग दबतो आणि आठ-दहा दिवस सलग झड लागली की उसळतो. एका घडावरून दुसऱ्या घडावर तो पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जातो, एका बागेतून दुसऱ्या बागेत वाऱ्याबरोबर. पाऊस सरताना लागण झालेल्या सुपाऱ्या गळत नाहीत, घडावरच सुकून काळ्या पडतात. त्या उतरवल्या नाहीत तर पुढच्या वर्षीचं बियाणं आपणच झाडावर सांभाळून ठेवलं असं समजा. कधी कधी रोग शेंड्यात उतरतो. मग मधला कोंब कुजतो आणि झाडच जातं. गळ झाली तर एका वर्षाचं उत्पन्न जातं, पण शेंडा गेला तर नवीन रोप लावून पुढची पाच-सात वर्षं वाट बघायची.

आता इलाज. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात गुपित काही नाही. लेस्ली कोलमन नावाचा कॅनडातला तरुण शास्त्रज्ञ 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात नोकरीला आला. मलनाडातल्या सुपारीच्या बागा या रोगाने बसल्या होत्या. तिथले लोक पावसाआधी घडांवर गवताच्या विणलेल्या टोप्या बांधत, तेवढाच बचाव. कोलमनने रोगाचा अभ्यास करून 1910 मध्ये तो प्रसिद्ध केला आणि बोर्डो मिश्रण फवारायला शिकवलं. मलनाडचा पाऊस म्हणजे आपल्या आंबोलीचा भाऊ. त्यात औषध टिकावं म्हणून त्याने राळ आणि धुण्याचा सोडा यांचं चिकट द्रावण मिश्रणात घालायला सांगितलं. बोर्डो त्याचं नव्हे. ते फ्रान्सचं. तिथल्या मेदोक भागात द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासून ठेवत, निळसर घाण बघून वाटसरू हात लावणार नाही म्हणून. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं, आणि 1885 मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे ठेवलं. चोरांसाठी केलेली युक्ती आज आमची बाग राखते.

मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. हे प्रमाण आमच्याकडच्या कोणत्याही बागायतदाराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. तरीही दर वर्षी निम्म्या बॅरलांत मिश्रण बिघडतं. मी गेली काही वर्षं मोरचूद विकताना गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवून घेतो. मोरचूद पन्नास लिटरमध्ये वेगळा विरघळवायचा, चुना पन्नास लिटरमध्ये वेगळा. भांडी प्लॅस्टिकची, काठी लाकडाची, लोखंडी बादली अजिबात नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं, नाहीतर मोरचुदाचं पाणी चुन्यात सोडायचं. चुना मोरचुदात ओतायचा नाही. झालं की चकचकीत कोयता मिश्रणात धरायचा. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. तसंच फवारलं तर रोगाऐवजी झाडच भाजतं. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

यात सगळ्यात जास्त फसवतो तो चुना. पूर्वी खाडीकाठच्या भट्टीत शिंपल्यांचा चुना भाजत, तो ताजा कळीचा चुना आणून घरी विरवत. आता प्लॅस्टिकच्या पिशवीतली भुकटी मिळते. ती गोदामात किती दिवस पडून होती कोणास ठाऊक. हवेत राहून चुना निकामी होतो, त्याचा खडू होतो. मग एक किलोला एक किलो हे प्रमाण कागदावर बरोबर आणि पिंपात चूक. मोरचुदातही हिराकस मिसळलेला माल येतो. खडे निळेशार न दिसता हिरवट दिसले तर परत करा, मग ते माझ्या दुकानातले का असेनात.

पण एवढं सगळं नीट जमलं तरी मिश्रण पिंपातच असतं. ते चाळीस-पन्नास फूट वर, घडाच्या आत, प्रत्येक सुपारीवर पोचवायचं कोणी? माल स्वस्त आहे, पण तो झाडावर चढवणारी माणसं संपत चालली आहेत.

आमच्याकडे एक चढणारा आहे, सगळे त्याला आबा म्हणतात. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, खांद्यावर नळी. एका पोफळीच्या शेंड्याला बसून झाड हलवायचा आणि पुढच्या पोफळीला हात घालून तिच्यावर जायचा. खाली न उतरता दहा-दहा झाडं. आता त्याने साठी ओलांडलीय आणि शेंड्यावरून झाड बदलणं त्याने सोडलंय. त्याचा मुलगा गोव्यात औषधांच्या कंपनीत आहे. मुलाने चढावं असं आबाला वाटत नाही आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पोफळ सरळसोट, बुळबुळीत, वाऱ्याला वाकणारी. पडला तर माणूस उठत नाही, उठला तर काम करू शकत नाही. त्याला विमा नाही, ठरलेला पगार नाही आणि पावसाळ्यातले चार महिने झाडावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. मे महिन्याच्या पंधरा-वीस दिवसांत त्याच्यामागे सगळं गाव. ज्याची बाग मोठी, ज्याचे पैसे आगाऊ, त्याच्याकडे आबा आधी. ज्याच्या दारात तीस-चाळीस पोफळी, त्याचा नंबर लागेपर्यंत मृग निघून गेलेला असतो. "चढूक माणूस गावना नाय" हे वाक्य मी काउंटरवर जितक्यांदा ऐकतो तितक्यांदा औषधाच्या किमतीची तक्रारही ऐकत नाही.

तंत्र नाही असं नाही. कार्बन फायबरच्या लांब काठ्या कर्नाटकात सर्रास वापरात आल्या आहेत. जमिनीवर उभं राहून, मान वर करून, काठीच्या टोकाच्या नोझलने घडावर फवारायचं. आपल्याकडेही दोन-चार जणांनी आणल्या. पण त्यांची किंमत छोट्या बागायतदाराला झेपणारी नाही, आणि हातात घेतली म्हणून ती चालवता येते असंही नाही. मान अवघडते, नेम चुकतो, घडाच्या बाहेरच्या बाजूला औषध लागतं, आतली बाजू कोरडी राहते. सवय झालेला मुलगा मात्र दिवसभरात आबापेक्षा जास्त झाडं करतो, आणि रात्री घरी जेवायला धडधाकट परततो. दुसरा उपाय म्हणजे घडांना पॉलिथिनची पिशवी घालणं. चांगला उपाय आहे, पण त्यासाठीही वर जावंच लागतं.

आणि समजा तुम्ही आबाला आगाऊ पैसे देऊन बांधून घेतलंत, सगळं वेळेवर केलंत. कुंपणापलीकडची बाग मुंबईकराची. तो गणपतीला येतो, तेव्हा जमिनीवर पडलेल्या सुपाऱ्या बघून हळहळतो आणि परत जातो. त्याच्या बागेत ना फवारणी, ना काळे घड उतरवणं, ना चर काढणं. पावसाळाभर तिथून रोगाचा वारा तुमच्या बागेवर येत राहतो. फवारलेल्या बागेतही मग काठाच्या चार-पाच ओळी गळतात. आमच्या बागा एकमेकींना चिकटलेल्या. एकाच ओहोळाच्या दोन्ही काठांना, एकाच पाटाच्या पाण्यावर, पोफळीखाली केळी, मिरी, जायफळ अशी दाटी. अशा ठिकाणी "माझी बाग, माझं मी बघीन" हे धोरण चालत नाही. मिरीच्या वेलींना ऐन पावसाळ्यात जी मर लागते तीही याच कुळातल्या जिवाची करामत. आणि बँक कर्ज देताना, सरकार मदत देताना, विमा कंपनी विमा देताना प्रत्येक जण सातबाऱ्याकडे बघतो. रोगाला सातबारा कळत नाही.

विम्याचा विषय निघालाच आहे तर एक वाक्य. आपल्याकडे फळपीक विम्याची सगळी चर्चा आंबा आणि काजूभोवती फिरते. शेजारच्या कर्नाटकातल्या दक्षिण कन्नडमध्ये सुपारी आणि मिरीलाही हवामानावर आधारित विमा आहे. त्यांचा पाऊस आणि आमचा पाऊस एकाच ढगातून पडतो. आमच्या सुपारीलाही विमा असावाच. पण विमा हाही रोग झाल्यानंतरचा पैसा. माझा आग्रह आधीच्या पैशासाठी आहे.

2025 साली काय झालं ते आठवा. केरळात 24 मेला मान्सून आला, 25 मेला तो देवगडपर्यंत होता आणि 26 तारखेला मुंबईत. त्याच्याही आधी आठवडाभर वळिवाने झोडपलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार या हिशेबाने लोकांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात फवारणी ठेवलेली. घरोघरी मोरचुदाच्या पिशव्या पडून राहिल्या. माझ्याकडून नेलेला माल काहींनी परत आणून दिला. मी तो घेतला, कारण करणार काय! "यंदा पावसान येळच दिल्यान नाय," असं जो तो म्हणत होता. वेळ पावसाने दिली नाही हे खरं, पण आम्ही तरी तिच्यासाठी कुठे तयार होतो? चढणारी पाच माणसं आणि पंधरा दिवस, असा सगळा हिशेब असलेल्या गावाला पाऊस आठ दिवस आधी आला तरी अख्खं वर्ष जातं. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पाऊस लांबला तर तिसरी, असं वेळापत्रक पत्रकात छापलेलं असतं. दुसऱ्या फवारणीसाठी जुलैत दोन-तीन दिवसांची उघडीप मिळते, त्या दोन दिवसांत अख्खं गाव फवारून काढायची ताकद हवी. ती ताकद एकट्यादुकट्याकडे येणार नाही.

म्हणून ही मागणी. पोफळीच्या प्रत्येक गावात, किंवा दोन-तीन गावं मिळून, फवारणीचं पथक करा. आठ-दहा मुलं, तीन-चार लांब काठ्या, दोन पॉवर पंप, एक पिंपगाडी. प्रशिक्षण द्यायला दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे. श्रीवर्धनला त्यांचं सुपारीचं संशोधन केंद्र आहे, गोव्यात जुन्या गोव्याजवळ केंद्राची संस्था आहे, खाली कासरगोडला आणि विट्टलला तर या झाडांवरच आयुष्य घालवलेली माणसं आहेत. नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढणाऱ्यांना यंत्रावर चढायला शिकवलं आणि त्यांना अपघात विम्याचं कवच दिलं. पोफळीसाठी फवारणाऱ्यालाही तसंच कवच द्या. पथकाने 1 मेपासून 20 मेपर्यंत गावातल्या सगळ्या बागा फवारायच्या, मालक मुंबईत असो वा बांद्यात. झाडामागे जे सोळा रुपये सप्टेंबरनंतर कधीतरी मिळायचे, ते आधी आले तर त्यात पहिल्या फवारणीचा मोरचूद आणि चुना भागतो, मजुरीलाही थोडं उरतं. राहिलेली मजुरी बागायतदाराने द्यावी. फुकट कोणी मागत नाही.

याला माझ्या घरातूनच एक हरकत आली. माझी मुलगी रुग्णालयात काम करते. ती म्हणाली, "बाबा, सुपारी खाऊन तोंडाचा कॅन्सर होतो आणि तुम्ही ती वाचवायला सरकारचे पैसे मागता?" तिचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकून वीस वर्षं झाली. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा. गुटखा तर महाराष्ट्राने 2012 मध्येच बंद केला. कागदावर का होईना. नवीन लागवडीला सरकारने प्रोत्साहन देऊ नये असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण उभ्या असलेल्या बागा कुजायला सोडून देणं म्हणजे त्या बंद करणं नव्हे. ज्याची बाग गळते तो पोफळ तोडून दुसरं झाड लावत नाही. तो बाग सोडून गोव्याला नोकरीला जातो, आणि सोडलेली बाग शेजाऱ्याच्या मिरीपासून जायफळापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर बसते. सुपारीतून बाहेर पडायचं असेल तर त्यालाही पैसा लागतो, आणि तो पैसा आज त्या बागायतदाराकडे याच सुपारीतून येतो. मुलीला हे पटलं असं नाही. आमच्यात हा वाद अजून मिटलेला नाही.

माडाचंही दोन शब्दांत सांगून टाकतो, कारण पथक झालं तर त्याच्या हातून हेही होईल. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाड्या आडव्या केल्या. पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले. पण वाकलेल्या, शेंडा पिळवटलेल्या, साल फाटलेल्या झाडांकडे कोणी औषध घेऊन जाणार नसेल तर त्यांचं मरण फक्त लांबलेलं असतं. जखमेतून रोग शिरतो. खोडातून तांबूस चीक ओघळायला लागला की तो भाग तासून बोर्डोची पेस्ट लावायची. मधली सुई पिवळी पडून ओढली की हातात येते आणि कुजका वास सुटतो, तेव्हा कुजलेला भाग पार काढून पेस्ट भरून झाकायचं. वेळेवर केलं तर झाड वाचतं, महिनाभर उशीर झाला तर नाही. बुंध्याशी अळंब्यांसारखी कडक टोपरं आली की मात्र झाडाची आशा सोडायची, भोवती चर मारून शेजारची झाडं वाचवायची. यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्यांना चढणारा माणूस लागतो आणि सगळ्यांना वेळ असते.

जिल्हा नियोजनाची बैठक घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या आराखड्यात सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांपुरती तरी ही फवारणी धरा. प्रयोग म्हणून पाच गावं घ्या. त्या पाच गावांतली गळ आणि शेजारच्या पाच गावांतली गळ सप्टेंबरात त्याच तलाठ्याकडून मोजून घ्या. आकडे काय येतात ते बघून पुढचं ठरवा.

आणि बागायतदारांना सांगतो. सरकारची वाट बघत बसू नका. होळी झाली की काळे घड उतरवायला घ्या. अक्षय्य तृतीयेच्या आधी वाडीत एक बैठक लावा, चढणारा कोण, काठी कोणाची, कोणाची बाग कोणत्या तारखेला ते ठरवा, आणि मुंबईवाल्या शेजाऱ्याला फोन करून त्याच्या वाट्याचे पैसे मागून घ्या. मोरचूद कुठून घ्यायचा तो घ्या, माझ्याकडूनच घ्या असं मुळीच नाही. पण 20 मेच्या आत घ्या, आणि चुना ताजा आहे का ते विचारून घ्या.